बडोद्यात बसून 'क्रिटिकल' आयआर कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा आला होता. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, घर दांडिया बाजारात, विचारतो की मॅडम, इंटरनॅशनल रिलेशन्सच्या, म्हणजे आयआरच्या पेपरात 'क्रिटिकल अप्रोचेस' नावाचं एक युनिट आहे, त्यात मार्क्सवादी, फ्रँकफर्टवाले, स्त्रीवादी, पोस्टस्ट्रक्चरल, पोस्टकलोनियल सगळे एकाच पोत्यात भरलेत, नोट्स पाठ केल्या तरी डोक्यात काही राहत नाही. रिअ‍ॅलिझम निदान कळतं, जो ताकदवान तो दुसऱ्याला दाबतो, विषय संपला. हे लोक नुसती टीका करतात, उपाय सांगत नाहीत. मग डिझर्टेशनला हे घ्यावं का, आणि घेतलं तर बडोद्यात बसून विषय कुठला घ्यावा?

अरे, तुझा गोंधळ नोट्समुळे झालाय, विषयामुळे नाही. मी सत्तावीस वर्षं इथे बडोद्यात हाच पेपर शिकवतेय आणि दरवर्षी बघते की मुलं ह्या युनिटला घाबरतात ते त्यातल्या नावांमुळे. नावं नंतर बघू. आधी एवढंच धर, की जगाचं जे चित्र 'हे असंच असतं' म्हणून आपल्यासमोर ठेवलं जातं ते कोणी काढलं, कुठे उभं राहून काढलं, आणि त्यात कोण दिसतच नाही, हे विचारायचं आणि मग कागद उघडून शोधायचं. शोधायचं हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण विचारून थांबतात आणि मग तुला वाटतं तसं ते नुसती टीका होऊन बसतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते आठवतंय ना? समा, अकोटा, मुजमहुडा, कमरेएवढं पाणी, रस्त्यावर मगरी. तेव्हा दोन तऱ्हेचे प्रश्न होते. एक म्हणजे बोटी किती आहेत, पंप कुठे लावायचे, दूध आणि औषधं कशी पोचवायची. दुसरा म्हणजे नदीला पसरायला जी जागा होती ती गेली कुठे, तिथे बांधकाम कोणाच्या सहीने झालं, दरवेळी कोणाच्या घरात पाणी शिरतं आणि कोणाच्या कधीच शिरत नाही. पहिला प्रश्न विचारला नसता तर त्या रात्री माणसं वाचली नसती, त्याला कमी लेखायचं काही कारण नाही. पण वर्षानुवर्षं तोच एक प्रश्न विचारत बसलं तर पुढच्या पावसात परत बोटीच काढाव्या लागतात.

रॉबर्ट कॉक्सने १९८१ मध्ये जो लेख लिहिला, ज्याच्यावर तुझ्या युनिटचा अर्धा डोलारा उभा आहे, त्यात हाच फरक आहे. एक थिअरी आहे ती व्यवस्थेला घेऊन चालते आणि तिच्या आतले अडथळे सोडवते, त्याला तो प्रॉब्लेम सॉल्व्हिंग म्हणतो. दुसरी विचारते की ही व्यवस्था मुळात आली कशी, ती टिकते कोणाच्या जोरावर आणि बदलू शकते का, ती क्रिटिकल. त्याचं ते वाक्य तू पाठ केलं असशीलच, की थिअरी नेहमी कोणासाठी तरी आणि कशासाठी तरी असते. नोट्समध्ये जे लिहिलेलं नसतं ते सांगते, कॉक्स हा काही आयुष्यभर लायब्ररीत बसलेला माणूस नव्हता. जवळजवळ पंचवीस वर्षं त्याने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत, म्हणजे आयएलओमध्ये नोकरी केली. कामगार, मालक आणि सरकार ह्यांची तिथली बोलणी त्याने आतून बघितली होती, आणि जगातले बहुतेक कामगार त्या टेबलावर कुठल्याच युनियनतर्फे बसलेले नसतात हेही बघितलं होतं. तिथून त्याला मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी जवळचा वाटला. इटलीच्या तुरुंगात बसून ग्राम्शी हेच विचारत होता की वरचे लोक नुसत्या काठीवर राज्य करतात का, की खालच्यांनाही ते योग्यच वाटायला लागतं? त्यालाच धुरीणत्व म्हणायचं. फ्रँकफर्टवाले म्हणजे तिथल्या संशोधन संस्थेतले चिकित्सक जर्मन विचारवंत, त्यांच्यातला होर्कहायमर १९३७ मध्ये पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांत वेगळे काढतो तेही ह्याच वाटेवरचं आहे, फक्त तो देशादेशांबद्दल बोलत नाही, ते काम पुढे कॉक्स, अ‍ॅशले, लिंकलेटर ह्यांनी केलं.

आता रिअ‍ॅलिझम. तू म्हणतोस ते कळतं. कळतंच, कारण चित्र सोपं आहे. केनेथ वॉल्ट्झचं १९७९ चं पुस्तक घे, देश म्हणजे सारखी एककं, त्यांच्या वर कोणी हेडमास्तर नाही, म्हणून प्रत्येकजण आपापलं बघतो, फरक फक्त ताकदीचा. ह्याला अराजक म्हणायचं. आणि ह्याच चौकटीत आपल्याला शिकवलं जातं की १८१५ ते १९१४ हा मोठ्या शांततेचा काळ होता, नेपोलियन पडल्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत मोठ्या सत्तांमध्ये सर्वव्यापी युद्ध झालं नाही. हे वाचून मराठी माणसाने पुस्तक खाली ठेवून जरा थांबायला पाहिजे. १८१७ च्या डिसेंबरमध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, १८१८ ला पेशवाई गेली, १८४३ च्या डिसेंबरमध्ये महाराजपूर आणि पनिहारला एकाच दिवशी ग्वाल्हेरचं सैन्य मोडलं, मग १८५७. हे सगळं त्या 'शांततेच्या' आत बसतं. शांतता होतीच, पण कोणाच्या अंगणात? आपल्याकडच्या लढाया त्या हिशोबात युद्ध म्हणून मोजल्याच जात नाहीत, कारण त्या 'आंतरराष्ट्रीय' नाहीत, साम्राज्याचा अंतर्गत मामला आहे.

मग अंतर्गत कधी झाल्या आणि कोणी केल्या? इथे मी तुला बडोद्याचीच गोष्ट सांगते, आणि जरा सावकाश सांगते, कारण माझ्या मते तुझं अख्खं युनिट ह्या एका गोष्टीत बसतं.

गायकवाडांनी कंपनीशी १८०२ आणि १८०५ ला तह केले, तैनाती फौज घेतली, रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा कंपनीचा प्रतिनिधी, आला. तह हा शब्द लक्षात ठेव. तह दोन सत्तांमध्ये होतो, मालक आणि नोकरात होत नाही. सत्तर वर्षांनी गादीवर मल्हारराव आणि रेसिडेन्सीत कर्नल फेअर. १८७४ मध्ये मल्हाररावांनी दिवाण म्हणून कोणाला आणलं, तर दादाभाई नौरोजींना. दादाभाई आणि फेअरचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही, आणि दरबारने नोव्हेंबरच्या सुरुवातीला व्हाइसरॉय नॉर्थब्रुकला खलिता पाठवला की हा रेसिडेंट बदला. त्यानंतर आठवडाभरातच, ९ नोव्हेंबर १८७४ ला, फेअर सकाळी फिरून आला, टेबलावर नेहमीसारखा पपनसाचा सरबताचा ग्लास होता, एकदोन घोट घेतले, चव बरी वाटली नाही म्हणून बाकीचा ओतून दिला, तर तळाशी गाळ. तपासणीत आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड निघाली असं जाहीर झालं. संशय महाराजांवर. १८७५ च्या जानेवारीत त्यांना कैद केलं.

आता बघ, पंचाईत काय झाली. तहाने बांधलेल्या राजाला, जो स्वतःच्या राज्यात न्यायाचा शेवटचा शब्द आहे, त्याला कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कोर्टात उभं करायचं? असं कोर्ट अस्तित्वातच नव्हतं. म्हणून कमिशन नेमलं, सहा जणांचं. तीन इंग्रज, त्यात अध्यक्ष बंगालचे चीफ जस्टिस रिचर्ड काउच, आणि तीन आपले, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा बडा वकील आला. निकाल काय, तर बरोब्बर तीन-तीन. इंग्रज तिघांनी आरोप सिद्ध धरला, आपल्या तिघांनी नाही धरला. पुरावा तोच, साक्षी त्याच, खोली तीच.

आणि मग एप्रिल १८७५ मध्ये जो जाहीरनामा निघाला तो तू मूळातून वाच. मल्हाररावांना पदच्युत केलं, पण कमिशनच्या निकालावरून नाही असं त्यातच म्हटलंय, गैरकारभार आणि गैरवर्तनावरून. म्हणजे खटला चालवायचा, तो बरोबरीत सुटला तर खटला बाजूला ठेवायचा, आणि जो अधिकार कुठल्याच तहात स्पष्ट लिहिलेला नव्हता तो वापरून मोकळं व्हायचं. मल्हाररावांना मद्रासला पाठवलं, तिथेच ते १८८२ ला वारले. इकडे जमनाबाई महाराणींनी नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, ते सयाजीराव.

सोळा वर्षांनी, १८९१ ला, मणिपूरचं प्रकरण झालं, तिथल्या युवराज टिकेंद्रजितला फाशी दिलं, आणि लगेच ऑगस्टमध्ये भारत सरकारने गॅझेटात छापलं की राणीचं सरकार आणि देशी संस्थानं ह्यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागू होत नाहीत. छापील. बडोद्यात आधी कृती झाली, नियम नंतर छापला गेला. आता मला सांग, वॉल्ट्झच्या चित्रात बडोदा कुठे बसतं? रिअ‍ॅलिस्ट म्हणेल की ते सार्वभौम राज्यच नव्हतं, आमचा विषय नाही. क्रिटिकलवाला विचारेल की ते सार्वभौम नव्हतं हे ठरवलं कोणी, कधी, आणि ते ठरवण्याची ताकद ज्याच्याकडे होती त्यालाच तुम्ही 'सगळी एककं सारखी' असं कसं म्हणता? संस्थानिकांना मिळणाऱ्या तोफांच्या सलाम्या आठव. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर आणि ग्वाल्हेर एकवीस, इंदूरला बाहेर एकोणीस आणि स्वतःच्या हद्दीत एकवीस, कोल्हापूर एकोणीस, आणि तसं खाली उतरत उतरत नऊपर्यंत. सार्वभौमत्व तोफांच्या आवाजात मोजून वाटलं जात होतं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपली पायरी कळत होती. ह्याला अराजक म्हणत नाहीत रे, ही उतरंड आहे. सार्वभौमत्व ही सगळ्यांना जन्मतः मिळालेली वस्तू नाही, ती कोणीतरी कोणाला तरी दिली, कापली, परत घेतली, हा पोस्टकलोनियल आयआरचा गाभा आहे आणि तुला तो शिकायला लंडनला जायची गरज नाही, फतेहगंजपर्यंत गेलास तरी जुन्या कँपाच्या खुणा आहेत.

पण इथे एक सांभाळ. ही गोष्ट सांगताना माझी मुलं मल्हाररावांना हुतात्मा करून टाकतात. तसं करू नकोस. त्यांचा कारभार जुलमाचा होता, लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या, रयत कर भरून पिचली होती आणि महाराजांनी सोन्याच्या तोफा ओतून घेतल्या होत्या. क्रिटिकल वाचनाला हिरो लागत नाही. रेसिडेंटची ताकद बघायची आणि त्याच दमात महाराजाच्या हाताखाली कोण होतं तेही बघायचं. हे जमलं नाही तर आपण क्रिटिकल नसतो, फक्त दुसऱ्या पार्टीत असतो.

म्हणूनच मी मल्हाररावांनंतर लगेच आंबेडकर शिकवते. सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबियात गेले, १९१७ ला करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, देशातलं सगळ्यात पुढारलेलं संस्थान आणि महाराज स्वतः पाठीशी, आणि तरी त्या माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि बाहेर काढलं, मग कमाटी बागेत काही तास बसून रात्रीच्या गाडीने मुंबई. आज तिथे संकल्पभूमी हे स्मारक आहे, तू रोज त्याच बाजूने कॉलेजला येतोस. ही आठवण त्यांनी पुढे ज्या लिखाणात सांगितली त्याच्या शीर्षकात 'व्हिसा' हा शब्द आहे. व्हिसा! स्वतःच्या देशात राहायला, पाणी प्यायला, डॉक्टर मिळायला परवाना लागतो, हे सांगायला त्यांनी आंतरराष्ट्रीय राजकारणातला शब्द उचलला. सीमा फक्त देशांच्या कडेने नसतात हे ह्याहून नेमकं कसं सांगणार. आणि ते तिथे थांबले नाहीत. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे नेते आणि अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइसना पत्र लिहिलं की तुमच्याकडच्या निग्रोंनी युनायटेड नेशन्सकडे जो अर्ज केलाय त्याच्या प्रती पाठवा, आम्हालाही तसं करायचा विचार आहे, आणि ड्युबॉइसचं उत्तर आलं. दोन देश नाहीत, दोन राजदूत नाहीत, एका देशातला दबलेला समाज दुसऱ्या देशातल्या दबलेल्या समाजाशी बोलतोय आणि दोघांची नजर जागतिक संस्थेकडे आहे. हे इंटरनॅशनल रिलेशन्स नाही तर काय आहे? तुझ्या रिअ‍ॅलिझमच्या चॅप्टरमध्ये ह्या पत्राला जागा नाही, आणि मला ते खरंच खुपतं.

वंशाचा प्रश्न ह्या विषयाच्या मुळातच आहे बरं का. आपल्याला सांगतात की आयआर १९१९ ला वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला जन्मलं, महायुद्ध परत होऊ नये म्हणून. खरं आहे, तिथे ह्या विषयाची पहिली चेअर, म्हणजे प्राध्यापकपद, स्थापन झाली. पण अमेरिकेत १९१० ला 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट' नावाचं नियतकालिक निघत होतं, मागासलेल्या वंशांचं काय करायचं हा त्याचा विषय, त्याचं १९१९ ला नाव बदलून 'जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स' झालं आणि १९२२ मध्ये ते 'फॉरेन अफेअर्स'मध्ये विलीन झालं, जे आज तू यूपीएससीवाल्या मित्रांबरोबर मोठ्या आदराने वाचतोस. वाच, मीही वाचते. फक्त तो वंशवृक्ष माहीत असू दे.

आता स्त्रीवादी. इथे मुलगे हमखास मान खाली घालून बसतात की हे आपल्याला विचारणार नाहीत. तू ज्या हंसा मेहता लायब्ररीत अभ्यासाला बसतोस, त्या हंसाबेन कोण? बडोद्याच्या दिवाणाची, मनुभाई मेहतांची मुलगी, पुढे आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या व्हाइस चान्सलर, एवढं बोर्डावर असतं. पण १९४७-४८ मध्ये त्या युनायटेड नेशन्सच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या, जाहीरनाम्याचा मसुदा चालू होता, आणि पहिल्या कलमात 'ऑल मेन' जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं लिहिलेलं होतं. अध्यक्ष स्वतः एलिनॉर रूझवेल्ट, त्यांना ते चालत होतं, मेन म्हणजे सगळेच आले की. हंसाबेन म्हणाल्या नाही, उद्या एखादं सरकार ह्याचा अर्थ फक्त पुरुष असा लावेल. शेवटी ते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं आणि १० डिसेंबर १९४८ ला तसंच मंजूर झालं. तू म्हणतोस ना उपाय सांगत नाहीत, मग हे काय आहे? चित्रात कोण नाही ते एका बाईने बघितलं आणि एक शब्द बदलला.

स्त्रीवादी अभ्यासक सिंथिया एन्लोने १९८० च्या दशकात जो प्रश्न विचारला, बायका कुठे आहेत, तो ऐकायला साधा वाटतो, पण विचारून बघ. लष्करी तळाबाहेर, केळीच्या मळ्यात, राजदूताच्या घरात पाहुण्यांची यादी करताना, परक्या देशात धुणीभांडी करून घरी पैसे पाठवताना, सगळीकडे बायका आहेत आणि त्यांच्या कामाशिवाय एक दिवस परराष्ट्र धोरण चालणार नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका देशात पेपर वाचायला बोलावलं होतं, आमंत्रण आयोजकांचं, खर्च त्यांचा, माझी कायम नोकरी, पगाराच्या स्लिपा जोडलेल्या. काउंटरवरच्या माणसाने फाइल उलटीपालटी केली आणि विचारलं, मिस्टरांचं बँक स्टेटमेंट कुठे आहे आणि त्यांचं ना-हरकत पत्र? माझ्या पुढे रांगेत त्याच परिषदेला निघालेले एक पुरुष सहकारी होते, त्यांना बायकोचं स्टेटमेंट कोणी मागितलं नाही. व्हिसा परिषद संपल्यावर चार दिवसांनी आला. त्या एका खिडकीत पासपोर्टचा रंग, वसाहतीचा इतिहास आणि बाईपण तिन्ही एकदम येऊन उभे राहिले होते, आणि मी परत येऊन वर्गात तीच फाइल टेबलावर ठेवून शिकवलं. अलकापुरीत प्रत्येक बिल्डिंगवर व्हिसा आणि आयईएलटीएसच्या पाट्या आहेत, आपली निम्मी मुलं त्या रांगेत आहेत, आणि तरी डिझर्टेशनला सगळ्यांना 'भारत-चीन संबंध' पाहिजे असतं.

पोस्टस्ट्रक्चरलवर मी फार वेळ घालवणार नाही, एम.ए.ला त्याचं एवढंच घे की शब्द गोष्टी नुसत्या सांगत नाहीत, घडवतात. आणि ते वापरायचं असेल तर सुरक्षेवर लिहिणाऱ्या कोपनहेगनवाल्या अभ्यासकांचं सिक्युरिटायझेशन घे, बुझान आणि वेव्हरचं, ते हातात धरता येतं. एखादी गोष्ट 'धोका' म्हणून जाहीर केली आणि लोकांनी ते मानलं की नेहमीचे नियम बाजूला ठेवता येतात. २४ मार्च २०२० आठव. रात्री आठला भाषण, बाराला सगळं बंद, चार तास. रोग खरा होता, माणसं मरत होती, त्यात वाद नाही. पण आपण त्याला साथ न म्हणता युद्ध म्हणालो. साथ म्हटलं असतं तर पहिले प्रश्न दवाखान्याचे आणि रेशनचे आले असते, युद्ध म्हटल्यावर पोलीस आणि सीमा आल्या, जिल्ह्याच्यासुद्धा सीमा, आणि हायवेवरून दाहोदकडे पायी निघालेली कुटुंबं आपण बघितली. वेन्टचा रचनावादही ह्याच्या शेजारीच आहे, तो म्हणतो की अमेरिकेला ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या पाचांची भीती जास्त वाटते, कारण धोका आकड्यात नसतो, नात्यात असतो. पण रचनावादाला पूर्ण क्रिटिकल म्हणू नकोस, परीक्षेत मार्क जातात. तो चित्र कसं रंगवलं जातं ते सांगतो, रंगवणाऱ्याचा हिशोब फारसा मागत नाही.

आर्थिक बाजू सोडू नकोस मात्र. आजकाल पोस्टकलोनियलच्या नादात मुलं पैसा विसरतात. आपले दादाभाई, ज्यांनी जेमतेम वर्षभर बडोद्याची दिवाणगिरी केली, त्यांनी भारतातून इंग्लंडला संपत्ती कशी वाहून जाते ह्याचा आयात-निर्यातीच्या आकड्यांवरून हिशोब मांडला, १९०१ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. लॅटिन अमेरिकेत प्रेबिश आणि नंतरचे डिपेंडन्सीवाले, म्हणजे गरीब देश श्रीमंत देशांवर अवलंबून कसे राहतात ते मांडणारे, मग वॉलरस्टीन, हे सगळे अर्धशतकानंतरचे. नोट्समध्ये ते तिघे असतात, दादाभाई नसतात. का नसतात, हाच एक विषय होऊ शकतो.

आता सगळ्यात अवघड भाग, तोच प्रश्न स्वतःच्या सरकारला विचारायचा. अण्वस्त्र प्रसारबंदी करार घे, १९६८ चा. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते पाच कायदेशीर अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. आपण सही केली नाही, आणि १९९८ च्या पोखरणनंतर जसवंत सिंगांनी ह्याला आण्विक वर्णभेद म्हटलं. बरोबरच आहे ते, क्रिटिकल युक्तिवादच आहे, तारीख कोणी ठरवली आणि कोणाच्या सोयीने. पण मग तोच प्रश्न पुढे ने. झारखंडात जादुगुडाला युरेनियमच्या खाणीजवळ राहणारे आदिवासी ह्या गोष्टीत कुठे आहेत? पोखरणजवळचं खेतोलाई गाव कुठे आहे? दिल्लीने वॉशिंग्टनला विचारलेला प्रश्न जादुगुडाने दिल्लीला विचारला तर आपण ऐकून घेणार का? इथे वर्गात नेहमी शांतता पसरते, आणि मला ती शांतता आवडते, कारण तिथून पुढे मुलं खरं वाचायला लागतात.

ह्या लोकांचे दोष नाहीत असं नाही. भाषा अतिशय जड, एका पानावर चार नवे शब्द. फ्रँकफर्टवाल्यांनी मुक्तीवर एवढं लिहिलं आणि वसाहतींबद्दल जवळजवळ गप्प राहिले. आणि काही जण दोन भाषणं घेऊन त्यातले शब्द मोजतात आणि 'डिस्कोर्स' म्हणून छापतात, त्याने काही कळत नाही.

म्हणून डिझर्टेशनचं सांगते. घे, पण थिअरीवर घेऊ नको, गोष्टीवर घे. १८७५ च्या कमिशनचं छापील कामकाज उपलब्ध आहे, तेवढ्यावर एक डिझर्टेशन सहज होतं, प्रश्न एकच ठेव, की सहा जणांनी 'राजा', 'तह', 'प्रजा' हे शब्द कसे वापरले आणि तीन-तीन का झालं. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सोव्हिएत मदतीने उभी राहिली, त्या काळातले कामगार अजून शहरात आहेत, म्हातारे झालेत, त्यांच्याशी बोल, शीतयुद्ध कोयलीच्या कँटीनमध्ये कसं दिसत होतं ते विचार, कोणी विचारलेलं नाही त्यांना. नाहीतर अलकापुरीची व्हिसाची रांग. कमिशन घेतलंस तर दरबारचे मराठी कागद मोडीत आहेत, मोडी शिकावी लागेल, दोनतीन महिने लागतात, तुझ्या आजोबांना येत असेल तर त्यांच्याकडेच बस. रेसिडेन्सीची बाजू इंग्रजीत छापील आणि सोपी मिळते म्हणून फक्त तीच वाचून लिहिलंस तर कितीही पोस्टकलोनियल नावं टाक, फेअरच्याच खिडकीतून बघितल्यासारखं होईल.

आत्ता एवढंच कर. एप्रिल १८७५ चा तो जाहीरनामा काढ, दोन पानांचा असेल, त्यातली क्रियापदं पेन्सिलने अधोरेखित कर, कोण करतंय आणि कोणाला केलं जातंय ते समासात लिही, आणि कुठल्याही थिअरीचं नाव न घेता त्यावर चार पानं लिहून आण. नावं आपण नंतर बसून घालू.